‘वोलाऽम सा...’ : स्लोव्हाकमध्ये स्वतःची ओळख कशी करून द्यावी

स्लोव्हाकियातल्या नित्रा शहरात येऊन आम्हाला जेमतेम दोन आठवडे झाले होते. लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. त्यांनी नाव सांगून हात पुढे केला, मीही पाठ केलेलं वाक्य म्हटलं : ‘टेशी मा’, म्हणजे भेटून आनंद झाला. आजी म्हणाल्या, ‘प्रोसीम?’ मी पुन्हा म्हटलं. पुन्हा ‘प्रोसीम?’ तिसऱ्यांदा मात्र त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली, लिफ्टचं दार पायाने अडवून धरलं आणि सावकाश म्हणाल्या, ‘त्ये-शी मा’. त्यांची जीभ मला दिसत होती. आपण ‘त्या’ म्हणताना जीभ टाळूला जशी चिकटते, अगदी तशी. माझा ‘ट’ आला होता इंग्रजी पुस्तकातून. मराठीतून शिकले असते तर तो आलाच नसता.

तेव्हापासून मी प्रत्येक नव्या मराठी माणसाला एकच सांगते : स्लोव्हाक शिकताना इंग्रजीला मध्ये घेऊ नका. मराठी आणि स्लोव्हाक समोरासमोर बसवा. ध्वनी, तू-तुम्ही, तीन लिंगं, नामाचं सामान्यरूप, सगळं आपल्या ओळखीचं आहे. म्हणूनच या लेखात सगळी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. रोमन अक्षरं दिसली की डोळे इंग्रजी वाचू लागतात. आधी तोंडाला वळण लावा, अक्षरं मग आठवड्याभरात येतात.

हे लिहिण्याचं कारण म्हणजे इकडे येणारी आपली माणसं वाढली आहेत. टाटा समूहाच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरचा कारखाना २०१८ पासून नित्रात सुरू आहे. मार्टिन आणि कोशित्से इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांत इंग्रजीतून शिकायला परदेशी मुलं येतात. वर्गात, ऑफिसात इंग्रजीवर निभतं. दुकान, दवाखाना आणि जिना मात्र स्लोव्हाकमध्येच बोलतात.

आधी आवाज

इथे घाई करू नका. दोन दिवस फक्त आवाजांना द्या.

पहिली गोष्ट ‘च’ची. मराठीत दोन ‘च’ आहेत, ‘चाक’मधला आणि ‘चिमणी’मधला. स्लोव्हाकमध्येही नेमके हेच दोन आहेत आणि लिहायलाही वेगळे आहेत. चाकातल्या ‘च’ला मी इथे खाली टिंब देऊन ‘च़’ लिहिते आहे. गंमत अशी की आपला ‘चहा’ चाकातल्या ‘च’चा आणि त्यांचा ‘चाय’ चिमणीतल्या ‘च’चा. हिंदी बोलणाऱ्यांना हा फरक मुद्दाम शिकावा लागतो, आपल्याला फक्त ओळखावा लागतो.

‘त’ आणि ‘द’ दातांमागचे, आपलेच. ‘ट’ आणि ‘ड’ या भाषेत नाहीतच, तेव्हा ते पूर्ण विसरा. ‘प’, ‘त’, ‘क’ हेही आपल्यासारखे, हवेचा झोत न सोडता. ‘ह’सुद्धा मराठी ‘ह’च, घोष असलेला. ‘त्य’, ‘द्य’, ‘ञ’, ‘ल्य’ हे मऊ आवाज खूप येतात. त्यासाठी जिभेचा मधला भाग टाळूला लावायचा, ‘त्या’, ‘विद्या’ म्हणताना लागतो तसा, पण थोडा जास्त दाबून.

नवे आवाज तीनच. ‘ख़’ म्हणजे ‘ख’ नव्हे, घसा खाकरताना येतो तसा घासलेला आवाज. ‘झ़’ म्हणजे ‘श’ म्हणायचा, पण गळ्यावर बोट ठेवल्यावर कंप जाणवला पाहिजे. आणि ‘फ़’, वरचे दात खालच्या ओठावर टेकवून. ‘ज़’ आपल्याकडे ‘जरा’, ‘जमीन’ म्हणताना बऱ्याच जणांच्या तोंडी असतोच.

दुसरी महत्त्वाची गोष्ट ऱ्हस्व-दीर्घाची. इथे त्याने अर्थ बदलतो. ‘इ’ आणि ‘ई’ देवनागरीत वेगळे दाखवता येतात. ‘आ’, ‘ए’, ‘ओ’ लांबवायचे असतील तिथे मी ‘ऽ’ हे चिन्ह वापरलं आहे. चिन्ह नसेल तर स्वर आखूड ठेवा. शब्दाच्या शेवटची ‘इ’ आपण सवयीने ओढतो. ती ओढू नका, ‘सि’ म्हणजे ‘सि’च. आघात नेहमी पहिल्या अक्षरावर : वोलाऽम, ब्रात्यिस्लावा. शब्द कितीही लांब असला तरी पहिल्या अक्षरावरच.

आत शिरताना नमस्कार

‘दोब्री द्येञ’ हे सर्वांत उपयोगी वाक्य. शब्दशः ‘चांगला दिवस’. लिफ्टमध्ये पाऊल ठेवलं, दवाखान्यात बाकावर बसायला गेलात, छोट्या दुकानात शिरलात, की अनोळखी माणसांनाही हे म्हणायचं. निघताना ‘दोविद्येन्या’. न बोलता शिरणारा माणूस इथे उद्धट वाटतो. सकाळी लवकर ‘दोब्रेऽ राऽनो’, संध्याकाळी ‘दोब्री वेचेर’. मित्रांमध्ये ‘आहोय’ किंवा ‘चाउ’, दोन्ही येताना आणि जातानाही चालतात. शेजारच्या आजींना मात्र ‘आहोय’ म्हणू नका. का, ते लगेच पुढे.

तू की तुम्ही

इंग्रजीतून शिकणाऱ्यांना यावर अख्खा धडा लागतो, आपल्याला चार ओळी पुरतात. ‘ति’ म्हणजे तू. ‘वि’ म्हणजे तुम्ही, अनेकवचनही आणि आदरार्थीही. क्रियापदही आपल्यासारखंच बदलतं : ‘वोलाऽश’ तूसाठी, ‘वोलाऽत्ये’ तुम्हीसाठी. अनोळखी मोठ्या माणसाशी, डॉक्टरांशी, दुकानदाराशी, साहेबांशी ‘वि’. मुलांशी, वर्गमित्रांशी ‘ति’. तुम्हीवरून तूवर येण्याचा प्रस्ताव वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाने मांडायचा असतो : ‘म्वोझ़ेमे सि तिकात्य?’ म्हणजे एकमेकांना ‘तू’ म्हणूया का? हो म्हटलं की पुन्हा हात मिळवतात आणि नुसतं पहिलं नाव सांगतात. आपण लहान असू तर थांबावं. घाई केली तर ते खटकतं.

नाव

‘वोलाऽम सा अनघा.’ माझं नाव अनघा. यातलं ‘वोलाऽम’ म्हणजे हाक मारतो किंवा मारते आणि ‘सा’ म्हणजे स्वतःला. ‘सा’ला वाक्यात दुसरी जागा आवडते, हे पक्कं लक्षात ठेवा. म्हणून प्रश्न होतो ‘आको सा वोलाऽत्ये?’ (आपलं नाव काय?), आणि मित्राला ‘आको सा वोलाऽश?’ ‘या’ म्हणजे मी, पण तो म्हणायची गरज नाही. मराठीत आपण ‘राहते नित्रात’ म्हणतोच, मी सांगायला लागत नाही. दर वाक्याला ‘या, या’ लावणं ही इंग्रजीची सवय.

समोरच्याने नाव सांगितलं की ‘त्येशी मा’. तोच आधी ‘त्येशी मा’ म्हणाला तर ‘आय म्ञा’, म्हणजे मलाही. हे म्हणताना हात मिळवायचा आणि डोळ्यांत बघायचं.

आता एका अडचणीबद्दल, जी कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. पासपोर्टवरचं आपलं रोमन नाव इथली माणसं स्लोव्हाक नियमांनी वाचतात. इंग्रजीतला ‘जे’ इथे ‘य’ आहे, म्हणून जोशींचे योसहि होतात आणि जाधवांची सुरुवात ‘या’ने होते. ‘सी’ आणि ‘एच’ मिळून इथे ‘ख़’ होतो, म्हणून चव्हाणांना ‘ख़ावान’ अशी हाक येते. शरदचा ‘सहारात’ होतो, कारण ‘एस’ आणि ‘एच’ वेगवेगळे वाचतात आणि शब्दाच्या शेवटचा ‘द’ ‘त’सारखा उच्चारतात. दवाखान्यात आपलं नाव पुकारलं गेलं आणि आपल्याला कळलंच नाही, असं पहिल्या महिन्यात होतंच. म्हणून आरशासमोर उभं राहून आपल्या नावाचं ‘स्लोव्हाक वाचन’ एकदा करून ठेवा, म्हणजे हाक ओळखू येईल.

आणि नाव अक्षरांनी सांगायला शिका. ‘आको सा तो पीशे?’ (ते कसं लिहितात?) हा प्रश्न फोनवर येतोच येतो. आ-ऽ, बेऽ, च़ेऽ, देऽ, एऽ अशी ती चालते. ‘जी’ला गेऽ, ‘एच’ला हाऽ, ‘जे’ला येऽ, ‘के’ला काऽ, ‘व्ही’ला वेऽ, ‘वाय’ला इप्सिलोन, ‘झेड’ला ज़ेत. कुलकर्णी असं सांगायचं : काऽ, ऊ, एल, काऽ, आऽ, एर, एन, ई. आपलं आडनाव वीसदा म्हणून जिभेवर बसवा. माझ्या मते पहिल्या आठवड्यातला हाच सर्वांत उपयोगी सराव.

स्त्रियांसाठी एक गोष्ट. इथे बायकांच्या आडनावाला बहुधा ‘ओवाऽ’ लागतं, नोवाकची पत्नी किंवा मुलगी ‘नोवाऽकोवाऽ’. तुमच्या आडनावालाही कुणी बोलताना ते जोडलं तर चूक दुरुस्त करत बसू नका, कागदावर मात्र पासपोर्टप्रमाणेच लिहा. हाक मारताना पुरुषाला ‘पाऽन’, स्त्रीला ‘पानि’ आणि पुढे आडनाव. पदवीचाही मान आहे, डॉक्टरांना ‘पाऽन दोक्तोर’, डॉक्टरीणबाईंना ‘पानि दोक्तोर्का’.

कुठले, कुठे राहता

‘ओत्क्याल्य स्त्ये?’ म्हणजे आपण कुठले? उत्तर : ‘सोम ज़ इंदिये’, मी भारतातली. जोडप्याने सांगायचं असेल तर ‘स्मे ज़ इंदिये’.

‘सोम’ म्हणजे आहे. हे क्रियापद म्हणून पाहा : सोम, सि, ये, स्मे, स्त्ये, सू. आता शाळेतलं संस्कृत आठवा : अस्मि, असि, अस्ति, स्मः, स्थ, सन्ति. ही दोन्ही एकाच जुन्या भाषाकुळातली सख्खी रूपं आहेत. मला हे कळलं त्या दिवशी पाठांतर संपलं.

भारत हा देश ‘इंदिया’, पण ‘भारतातून’ म्हणताना ‘इंदिये’. शब्दाचा शेवट बदलला. परदेशी विद्यार्थी इथेच घाबरतात. आपण घाबरायचं कारण नाही. ‘पुणे’ला ‘त’ लावताना आपण ‘पुणेत’ म्हणत नाही, ‘पुण्यात’ म्हणतो. आपल्या सामान्यरूपासारखंच हेही, शब्द मोडतो आणि नातं दाखवतो. फरक इतकाच की त्यांच्याकडे शब्दयोगी अव्यय नामाच्या आधी येतं. राहण्यासाठी ‘बीवाम’ : ‘बीवाम व ब्रात्यिस्लावे’ (ब्रात्यिस्लावात राहते), ‘व ञित्रे’, ‘व झ़िलिन्ये’, ‘व मार्त्यिन्ये’, ‘फ़ कोशिच़्याख़’. शेवटच्या उदाहरणात ‘व’चा ‘फ़’ झाला, कारण पुढे कठोर ‘क’ आहे. तसंच ‘ज़ पुने’ (पुण्याची) हे बोलताना ‘स्पुने’ ऐकू येतं. संस्कृतचे संधी आठवले तर यात नवल नाही. सगळ्या विभक्तींचे तक्ते मात्र आत्ता उघडू नका. आपल्या शहराचं एकच रूप घोका.

आपल्या गावाच्या नावाला त्यांचा प्रत्यय कसा लावायचा, हे कळत नसेल तर एक युक्ती आहे : ‘सोम ज़ मेस्ता नागपूर’, नागपूर शहरातली. ‘मेस्ता’ने प्रत्ययाचं ओझं उचललं, गावाचं नाव जसंच्या तसं राहिलं.

राष्ट्रीयत्व सांगताना एक खबरदारी. भारतीय पुरुष ‘इंत’, भारतीय स्त्री ‘इंतका’. ‘इंदियाऽन’ म्हणाल तर अमेरिकेतला मूळनिवासी असा अर्थ होतो. इंग्रजी डोक्यात असेल तर ही चूक हमखास होते. आणि देशाचं नावही जपून उच्चारा : ‘स्लोवेन्स्को’ म्हणजे स्लोव्हाकिया, ‘स्लोविन्स्को’ म्हणजे स्लोव्हेनिया.

जन्मगाव सांगताना लिंगभेद येतो. पुरुष म्हणतो ‘नारोद्यिल सोम सा’, स्त्री म्हणते ‘नारोद्यिला सोम सा’, आणि पुढे गाव. भूतकाळी ‘ल’ पाहा. आपला आला-आली-आलं, त्यांचा बोल-बोला-बोलो (होता-होती-होतं). मात्र वर्तमानकाळात उलट सोय आहे. ‘राहतो’ आणि ‘राहते’ दोघांनाही एकच ‘बीवाम’.

काम, वय, घर

कामाचं थोडक्यात. ‘प्राच़ुयेम आको’ म्हणायचं आणि पुढे पेशा. स्त्रीसाठी शेवटी बहुधा ‘का’ लागतो : प्रोग्रामाऽतोर-प्रोग्रामाऽतोर्का, लेकाऽर-लेकाऽर्का (डॉक्टर), उचित्येल्य-उचित्येल्का (शिक्षक), कुख़ाऽर-कुख़ाऽर्का (स्वयंपाकी). नर्स म्हणजे ‘ज़्द्रावोत्नाऽ सेस्त्रा’. विद्यार्थी असाल तर ‘सोम श्तुदेंत’ किंवा ‘श्तुदेंत्का’.

वय इथे ‘असतं’ : ‘माऽम द्वाच़ात्यपेत्य रोकोउ’, माझ्याकडे पंचवीस वर्षं आहेत. वीस द्वाच़ात्य, तीस त्रिच़ात्य, चाळीस श्तिरिच़ात्य. त्यापुढे येदेन, द्वा, त्रि, श्तिरि, पेत्य, शेस्त्य, सेद्येम, ओसेम, द्येवेत्य असं जोडत जायचं. एकोणतीससारखा वळसा नाही, ‘वीस-नऊ’ असं सरळ म्हणतात. द्वि, त्रि, सप्त, अष्ट यांची आठवण होतेच.

घराबद्दल विचारतील. लग्न झालेला पुरुष ‘झ़ेनाती’, लग्न झालेली स्त्री ‘विदाताऽ’. ‘विदाताऽ’चा मूळ अर्थ ‘दिलेली’. आपणही म्हणतो, ‘मुलगी नाशिकला दिली’. दोन भाषांनी लग्नाकडे एकाच नजरेने पाहिलेलं आहे. अविवाहित म्हणजे ‘स्लोबोद्नी’ किंवा ‘स्लोबोद्नाऽ’, म्हणजे मोकळा, मोकळी. ‘माऽम सिना आ च़ेऽरु’, मला मुलगा आणि मुलगी आहे. नवऱ्याची ओळख ‘तो ये म्वोय मान्झ़ेल’, बायकोची ‘तो ये मोया मान्झ़ेल्का’. माझा, माझी, माझं तसं म्वोय, मोया, मोये.

अडलं की

पाठ केलेलं संपतं आणि समोरचा भराभर बोलू लागतो, ही वेळ येणारच. तेव्हा इंग्रजीत उडी मारण्याआधी हे म्हणा : ‘उचीम सा पो स्लोवेन्स्कि’ (मी स्लोव्हाक शिकते आहे), ‘होवोर्त्ये, प्रोसीम, पोमाल्श्ये’ (जरा सावकाश बोला), ‘एश्त्ये रास, प्रोसीम’ (पुन्हा एकदा). अगदीच नाही कळलं तर ‘न्येरोज़ुम्येम’. ‘प्रोसीम’ हा शब्द कृपया, काय म्हणालात, घ्या ना, हॅलो अशा सगळ्या जागी चालतो. लिफ्टमधल्या आजी मला ‘काय म्हणालात?’ विचारत होत्या, हे मला नंतर कळलं. आभार ‘द्याकुयेम’, माफी ‘प्रेपाऽच्त्ये’. हो म्हणजे ‘आऽनो’, नाही म्हणजे ‘न्ये’. कुणी ‘नो’ म्हणालं तर तो नकार समजू नका. बोलीत ते ‘हं’, ‘बरं’, कधी ‘हो’सुद्धा असतं.

इंटरनेटवर शिकताना एक काळजी घ्या. चेक भाषेचं साहित्य जास्त आहे आणि दिसायला सारखं आहे. ‘मी...’ अशी ओळख ‘य्मेनुयि से’ने सुरू होत असेल तर ते चेक आहे. १९१८ ते १९९२ पर्यंत, मधली काही वर्षं सोडता, दोन्ही देश एकच होते, त्यामुळे लोकांना दोन्ही समजतं. पण नवशिक्याने सरमिसळ केली की पुढे सोडवताना त्रास होतो. स्लोव्हाकसाठी ‘स्लोवाके’ हे मोफत संकेतस्थळ चांगलं आहे. प्रत्यक्ष येऊ शकणाऱ्यांसाठी ब्रात्यिस्लावातल्या कोमेन्स्की विद्यापीठाची उन्हाळी शाळा १९६५ पासून चालू आहे.

सगळं एकत्र

आता हे एका दमात नव्हे, वाक्यावाक्याला थांबून म्हणा :

‘दोब्री द्येञ. वोलाऽम सा अनघा. सोम ज़ इंदिये, ज़ मेस्ता नागपूर. बीवाम व ञित्रे. प्राच़ुयेम आको प्रोग्रामाऽतोर्का. सोम विदाताऽ, माऽम सिना. उचीम सा पो स्लोवेन्स्कि. त्येशी मा.’

मोबाइलवर रेकॉर्ड करा, ऐका. ‘ट’ शिरला का, शेवटची ‘इ’ ओढली का, आघात पहिल्या अक्षरावर आहे का, एवढंच तपासा. पहिले तीन दिवस पहिली चार वाक्यं, पुढचे तीन दिवस उरलेली. सातव्या दिवशी घराबाहेर पडा आणि कुणाला तरी म्हणून दाखवा.

आणि एक उत्तर आधीच तयार ठेवा. ओळख संपली की पुढचा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण हाच विचारतो : ‘पाऽचि सा वाऽम ना स्लोवेन्स्कु?’ तुम्हाला स्लोव्हाकियात आवडतं का? ‘वाऽम’ म्हणजे तुम्हाला, ‘मि’ म्हणजे मला. ‘मला आवडतं’ ही आपलीच रचना, इंग्रजीसारखं ‘मी आवडतो’ नाही. त्या आजींनी पुढच्याच आठवड्यात, लिफ्ट खाली येईपर्यंत, मला हेच विचारलं. मी म्हटलं, ‘आऽनो, वेल्मि सा मि तु पाऽचि.’ हो, मला इथे खूप आवडतं. या वेळी त्यांनी ‘प्रोसीम?’ विचारलं नाही.